ताठ पोराचा लिंडी हॉप

यूट्यूबवर जा आणि ‘हेल्झापॉपिन’ असं टाइप करा. १९४१ सालचा हॉलिवूडचा सिनेमा आहे. अख्खा बघायची गरज नाही, त्यातला एक डान्स तेवढा शोधा. सुरुवातीला दोन वादक सहज म्हणून वाजवायला बसतात. मग इकडून तिकडून माणसं जमतात. कुणी स्वयंपाकी, कुणी मोलकरीण, कुणी डंगरी घातलेला कामगार. आणि मग एकेक जोडी पुढे येते. त्यानंतरची दोन-अडीच मिनिटं पापणी लवू द्यायची सोय नाही. पोरी हवेत फेकल्या जातात, पार्टनरच्या पाठीवरून घरंगळत पलीकडे उतरतात, पायांतून सरकून मागे निघतात. संगीताचा वेग मिनिटाला ३०० ठोक्यांच्या वर. आणि उतरताना पाय बरोब्बर तालावर!

हा व्हिडिओ शेअर करणाऱ्यांना बहुतेक त्या उड्यांचं कौतुक असतं. साहजिकच आहे. पण एकदा उड्या बघून झाल्या की दुसऱ्यांदा फक्त त्यांचे हात बघा. हात सुटतात कधी, पुन्हा सापडतात कधी, आणि सापडताना कुणाची धांदल होते का, ते बघा. होत नाही. शेवटच्या जोडीत जो डंगरीवाला आहे ना, तो फ्रँकी मॅनिंग. हा सगळा डान्स त्यानंच बसवलेला. या माणसाची गोष्ट त्या हातांपाशीच आहे.

फ्रँकीचा जन्म २६ मे १९१४ चा, फ्लोरिडा राज्यातल्या जॅक्सनव्हिल गावचा. तीन वर्षांचा असताना आई त्याला घेऊन न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये आली. त्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडची लाखो कृष्णवर्णीय माणसं अशीच गाव सोडून उत्तरेतल्या शहरांत येत होती. तिकडे जगणं मुश्कील होतं, इकडे निदान कामाची आशा होती. आईला नाचाचं भारी वेड. पोरगा लहान असल्यापासून ती त्याला नाचाच्या कार्यक्रमांना सोबत न्यायची. तो वरच्या सज्ज्यातून खाली चाललेला नाच बघत बसायचा.

एकदा ती त्याला घेऊन नाचली. आणि नाचून झाल्यावर तिनं सरळ सांगून टाकलं, की तू फारच ताठ आहेस, तुला काही डान्स जमणार नाही.

आता असं आईनंच म्हटल्यावर एखादा पोरगा नाद सोडून देतो. हा घरी आला, खोलीचं दार लावलं, रेकॉर्ड लावली आणि पार्टनर म्हणून एकदा खुर्ची, एकदा झाडू घेऊन नाचायला लागला. रोज. झाडू काही बोलत नाही, चुकत नाही, आपण ओढू तिकडे येतो. पुढे आयुष्यभर फ्रँकी जे शिकवत राहिला ते बरोबर याच्या उलट होतं. पण सुरुवात झाडूपासून झाली खरी.

थोडा मोठा झाल्यावर तो मित्रांबरोबर अलहंब्रा नावाच्या बॉलरूममध्ये जायला लागला. तिथं रविवारी दुपारी किशोरवयीन मुलांसाठी नाच असायचा. मग पुढची पायरी रेनेसान्स बॉलरूम. आणि सगळ्यात वरची पायरी म्हणजे सॅव्हॉय. तिथं जायचं तर नाचात दम पाहिजे, असं या पोरांनी आपापसात ठरवूनच टाकलं होतं.

सॅव्हॉय बॉलरूम १९२६ च्या मार्चमध्ये सुरू झालं. लेनॉक्स अॅव्हेन्यूवर, १४० आणि १४१ व्या रस्त्यांच्या मधे. म्हणजे या रस्त्यापासून त्या रस्त्यापर्यंत एकच लांबलचक हॉल. दोन स्टेज, त्यावर दोन बँड. एक थांबला की दुसरा सुरू, संगीत बंदच पडायचं नाही. लाकडी जमीन इतकी घासली जायची की काही वर्षांनी ती बदलावीच लागायची. पण सॅव्हॉयची खरी ओळख वेगळी. त्या काळात न्यूयॉर्कमधल्या नावाजलेल्या नाइटक्लबांत कृष्णवर्णीय कलाकार स्टेजवर चालायचे, पण प्रेक्षकांत बसलेले चालायचे नाहीत. कॉटन क्लब त्यातलाच. सॅव्हॉयमध्ये मात्र गोरे-काळे एकाच जमिनीवर नाचायचे. तिथं तुमच्या चेहऱ्याकडे कुणी बघत नव्हतं, बघायचे ते पायांकडे. १९४३ साली प्रशासनानं अनैतिक धंद्यांचं कारण दाखवून सॅव्हॉय काही महिने बंद ठेवलं. गोऱ्या-काळ्यांनी एकत्र नाचणं डोळ्यात खुपतंय हेच खरं कारण, असं हार्लेममध्ये उघड बोललं जायचं.

इथं जो नाच चालायचा त्याचं नाव लिंडी हॉप. १९२७ साली चार्ल्स लिंडबर्गनं एकट्यानं विमानातून अटलांटिक महासागर ओलांडला, त्याच्या नावावरून हे नाव पडलं असं सांगतात.

सोडायचं, पण धरून

लिंडी हॉपमध्ये असं काय वेगळं होतं? हे वाचताना शेजारी मित्र किंवा मैत्रीण असेल तर उठून करूनच बघा.

समोरासमोर उभे राहा. एकमेकांच्या बोटांत बोटं नुसती अडकवा, घट्ट पकडू नका. गुडघे किंचित वाकवा आणि दोघंही जरासे मागे झुका. दोघांच्या मधे एक ताण तयार होईल, ओल्या दोरीला पीळ देताना दोन टोकांना दोघं असतात ना, तसा. आता डोळे मिटा आणि एकानं वजन थोडं डावीकडे न्या. दुसऱ्याला ते न बघता कळतं. शब्द नाही, खूण नाही, नुसतं बोटांतून कळतं. एकानं जास्त जोर लावला तर दुसरा खेचला जातो. एकानं हात अगदीच ढिला सोडला तर तार तुटते, काहीच कळत नाही. मधे कुठेतरी एक जागा आहे. ती सापडायला लिंडी हॉप शिकणाऱ्यांचे महिनेच्या महिने जातात.

युरोपातून आलेल्या बॉलरूम नाचांत जोडी एकमेकांना धरून फिरायची, सोडायची नाही. हार्लेमच्या पोरांनी मधेच पार्टनरला सोडायला सुरुवात केली. आठ ठोक्यांची एक चाल. जवळ यायचं, फिरायचं आणि एका हाताच्या आधारानं लांब जायचं. याला म्हणतात स्विंग आउट. ते लांब गेल्यावरचे जे दोन-चार ठोके असतात ना, ती त्या नाचणाऱ्याची स्वतःची जागा. तिथं तुम्ही काय करायचं हे कुणीही ठरवलेलं नाही. ठेका धरा, गिरकी घ्या, नुसते थांबा, पार्टनरला चिडवा. मात्र ठोका आला की परत या, कारण पलीकडे एक माणूस हात धरून उभा आहे. तबल्याच्या साथीत वादकाला मधेच मोकळं सोडतात आणि त्यानं समेवर यायचं असतं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. जाझमध्ये तेच. सोलो प्रत्येकाला मिळतो, पण बाकीचे ऐकत असतात म्हणून.

या नाचात एक जण सुचवतो, त्याला लीड म्हणतात, दुसरा ते घेतो, तो फॉलो. त्या काळी लीड म्हणजे मुलगा आणि फॉलो म्हणजे मुलगी असंच होतं. आता कुणीही काहीही करतं, आणि दोन्ही शिकलेलं बरंच. फॉलो या शब्दावर मात्र जाऊ नका. मागे मागे येणं एवढंच त्याचं काम असतं, तर झाडू काय वाईट होता? सॅव्हॉयमध्ये ट्विस्टमाउथ जॉर्ज म्हणून एक नाचणारा होता, त्याची पार्टनर एडिथ मॅथ्यूज. तोवर स्विंग आउटमध्ये लांब गेल्यावर मुली एक पाऊल मागे टाकायच्या. एडिथनं मागे पाऊल न टाकता जागच्या जागी कंबर वळवत पायांना पीळ द्यायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या वाट्याला आलेल्या दोन ठोक्यांत तिला ते सुचलं. फ्रँकी पुढे आठवणीनं तिचं नाव घ्यायचा. आज स्टॉकहोमपासून सोलपर्यंत लिंडी हॉपच्या क्लासात फॉलोला तोच पीळ शिकवतात.

फ्रँकीचं स्वतःचं म्हणणं होतं ते शरीराच्या ठेवणीबद्दल. त्याच्या आधीचे लोक बरेचसे उभे, ताठ नाचायचे. सॅव्हॉयचा तेव्हाचा राजा शॉर्टी जॉर्ज स्नोडन, उंचीनं अगदी बुटका, पायांत विजेसारखा. तोही वरून ताठच. फ्रँकीनं गुडघे आणखी वाकवले, पुढे झुकला, धावपटू सुटताना जसा असतो तसा, आणि एक पाय मागे लांब सोडला. ताठ म्हणून हिणवलेल्या पोरानं ताठपणाच मोडून काढला! वाकल्यावर वजन खाली येतं, पार्टनरच्या हातातला ताण नीट जाणवतो, आणि वेगात असताना दोघंही एकमेकांना सावरू शकतात. दिसायलाही ते उडाल्यासारखं दिसायचं. बघता बघता सगळी तरुण मंडळी तशी नाचायला लागली.

फ्रिडा हो म्हणाली

आता १९३५ सालची ती रात्र. ही गोष्ट फ्रँकीनं स्वतः आयुष्यभर सांगितली.

सॅव्हॉयमध्ये एक माणूस होता, हर्बर्ट व्हाइट. डोक्यावर मधोमध केसांचा एक पांढरा पट्टा, म्हणून सगळे व्हाइटी म्हणायचे. आधीचा बॉक्सर, सॅव्हॉयमध्ये बाउन्सर. हॉलच्या ज्या कोपऱ्यात पट्टीचे नाचणारे जमायचे, तिथल्या तरुण पोरांची त्यानं टीम बांधली. फ्रँकी त्यातलाच. या पोरांची शॉर्टी स्नोडनच्या जुन्या टीमशी स्पर्धा ठरली.

शॉर्टीची पार्टनर बिग बी, त्याच्यापेक्षा डोकं दीड डोकं उंच. नाच संपला की ती शॉर्टीला पाठीवर उचलून घ्यायची आणि तो हवेत लाथा झाडत असताना तशीच बाहेर घेऊन जायची. लोक हसून हसून लोळायचे. फ्रँकीला वाटलं, हिच्या पाठीवर तो थांबतो. पाठीवरून पलीकडे उतरला तर? आणि तेही तालात?

त्यानं आपली पार्टनर फ्रिडा वॉशिंग्टनला विचारलं. विचार करा, फ्रिडाच्या जागी तुम्ही आहात. समोरचा सांगतोय, की पाठीला पाठ लावू, मी तुला उचलीन, तू माझ्या पाठीवरून उलटी येशील आणि पुढे पायांवर उतरशील. असं याआधी नाचात कुणी केलेलं कुणी पाहिलेलं नाही. मान मोडेल ती तुमची. ती हो म्हणाली. मग घरात जमिनीवर गादी टाकून दोघांनी सराव सुरू केला. पडले, पुन्हा उठले. उचलायला ताकद किती लागते याचा शोध नव्हताच तो. ती निघते कधी, तिचं वजन कुठे आहे, हे त्याला न बघता कळलं पाहिजे आणि तो कधी वाकणार हे तिला. आणि नुसती उलटी उडी मारली तर ती सर्कस झाली. पाय जमिनीला टेकायचे ते बँडच्या ठोक्यावर.

स्पर्धेच्या रात्री चिक वेबचा बँड होता. हा चिक वेब म्हणजे सॅव्हॉयचा लाडका ड्रमर. मणक्याच्या क्षयामुळे पाठीला कुबड, उंची जेमतेम, पण ड्रमवर बसला की समोरच्याची खैर नाही. दोन वर्षांनी, म्हणजे १९३७ मध्ये, देशभर गाजत असलेल्या बेनी गुडमनच्या बँडलाही त्यानं याच हॉलमध्ये हरवलं. चिक वेब नाचणाऱ्यांकडे बघून वाजवायचा. कुणी पाय आपटला की त्याचा ठोका तिथं हजर. फ्रँकीनं त्याला ‘डाउन साउथ कॅम्प मीटिंग’ वाजवायला सांगितलं. नाचता नाचता तो क्षण आला, पाठीला पाठ लागली, फ्रिडा वर गेली, उलटली आणि पुढे उतरली. बरोबर ठोक्यावर. आणि बँडनं तो ठोका उचलला.

हॉल क्षणभर गप्प झाला आणि मग जो आरडाओरडा उठला, तो फ्रँकीला नव्वदी ओलांडल्यावरही जसाच्या तसा आठवायचा. पहिली एअर स्टेप ती हीच.

मला स्वतःला या गोष्टीत उडीपेक्षा ते गादीवरचे दिवस जास्त आवडतात. इतिहासात पहिली एअर स्टेप फ्रँकी मॅनिंगच्या नावावर आहे. पण उलटी झाली होती फ्रिडा. तिनं नाही म्हटलं असतं, किंवा हो म्हणून मधेच अंग आखडून घेतलं असतं, तर त्या रात्री काहीच झालं नसतं. फ्रँकी ही गोष्ट सांगताना तिचं नाव कधी गाळायचा नाही.

त्यानंतर सगळं फार वेगानं झालं. फ्रँकीनं लिंडी हॉपच्या जोड्यांना एकत्र, एकसारखं नाचायला लावलं. तोवर प्रत्येक जोडी आपलं आपलं नाचायची. भर वेगात सगळ्यांनी अचानक पुतळ्यासारखं थांबायचं आणि पुन्हा सुटायचं, ही आयडियाही त्याचीच. १९३६ मध्ये ही पोरं कॉटन क्लबमध्ये कॅब कॅलोवेबरोबर स्टेजवर होती. १९३७ मध्ये पॅरिस, लंडन. १९३८-३९ मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. आणि मग ‘हेल्झापॉपिन’.

त्या सिनेमाचं एक सांगायलाच हवं. ही सगळी मंडळी त्यात नोकरांच्या कपड्यांत का आहेत? कारण त्या काळच्या हॉलिवूडला कृष्णवर्णीय माणूस दुसऱ्या कुठल्या कपड्यांत सुचतच नव्हता. त्यांचा डान्स गोष्टीपासून सुटा ठेवायचे, म्हणजे दक्षिणेकडच्या थिएटरवाल्यांना नको असेल तर तेवढा तुकडा कापून टाकता यायचा. जगातला सगळ्यात गाजलेला लिंडी हॉप हा असा कापता येईल असा बेतून शूट केलेला तुकडा आहे. एवढ्या मोठ्या सिनेमातलं आज लोक काय बघतात? तेवढंच.

स्विंगची ही हवा आपल्याकडेही पोचली होती बरं का. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेहून आलेले कृष्णवर्णीय जाझ वादक वाजवत होते. ते ऐकत, त्यांच्याबरोबर वाजवत तयार झालेले गोव्याचे वादक पुढे हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात आले. ट्रंपेट वाजवणारा चिक चॉकलेट हा त्यातलाच. आपले सी. रामचंद्र, हा चिक चॉकलेट आणि पडद्यावर भगवानदादा. १९५१ चा ‘अलबेला’ आजोबांबरोबर बसून बघा, त्यांना गाणी पाठ असतील.

पोस्ट ऑफिसातली तीस वर्षं

१९४३ मध्ये फ्रँकीला सैन्यात बोलावणं आलं. न्यू गिनी, फिलिपिन्स, शेवटी जपान. परत आला तेव्हा जग बदललं होतं. व्हाइटीची टीम फुटली होती. जाझ आता बसून ऐकायची गोष्ट झाली होती. नवं बीबॉप इतकं गुंतागुंतीचं, की त्यावर पाय टाकायचा कुठे हेच कळेना. फ्रँकीनं चार जणांचा ग्रुप काढला, काँगरूज नावाचा. काही वर्षं चालला. मग रॉक अँड रोल आलं आणि कामं आटली. घर चालवायचं होतं. १९५५ मध्ये तो न्यूयॉर्कच्या पोस्टात नोकरीला लागला.

आणि तिथं तीस वर्षं राहिला.

वाचायला हे एक वाक्य आहे. पण पॅरिस-लंडन गाजवलेला माणूस चाळिशीत पत्रांच्या ढिगाऱ्यापाशी येऊन उभा राहतो, तेव्हा त्याच्या मनात काय चालत असेल याचा अंदाज करून बघा. कडवट व्हायला कारणं भरपूर होती. त्याच्या नाचावर गोऱ्या लोकांच्या शाळांनी जिटरबग नावानं धंदा केला होता. १९५८ मध्ये सॅव्हॉय बंद पडलं, इमारत पाडली आणि तिथं घरं बांधली. फ्रँकीनं मात्र कुणाबद्दल तक्रार केल्याचं त्याला ओळखणारे सांगत नाहीत. पोस्टात जायचा, घरी यायचा, पोरं वाढवत होता. त्याच्या सहकाऱ्यांना हा माणूस कोण हे माहीत असायचं कारणच नव्हतं.

१९८० च्या दशकात अटलांटिकपलीकडे स्वीडनमध्ये काही तरुण जुन्या फिल्म घेऊन बसले होते. ‘हेल्झापॉपिन’मधला तो तुकडा हळू करून, मागे-पुढे करून ते स्टेप शिकत होते. स्टेप येत होत्या, नाच येत नव्हता. कारण स्क्रीनवरून हात दिसतो, हातातला ताण दिसत नाही. मग त्यांनी नाचणारी जिवंत माणसं शोधायला न्यूयॉर्क गाठलं. आधी सापडला अॅल मिन्स, त्याच सिनेमातला आणखी एक नाचणारा. १९८४ मध्ये त्यानं स्वीडनला जाऊन शिकवलं आणि पुढच्याच वर्षी तो वारला.

१९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन तरुण डान्सरनी फ्रँकीला फोन केला. तुम्हीच ते डान्सर का, असं विचारल्यावर त्यानं सांगितलं, की मी आता नाचत नाही, पोस्टात काम करतो. त्यांनी पिच्छा सोडला नाही. अखेर तो भेटायला तयार झाला. तेव्हा फ्रँकी ७२ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी स्वीडिश मंडळींनी त्याला स्टॉकहोमला नेलं.

त्याला शिकवता येतच नव्हतं! म्हणजे तो कधी क्लासात शिकलाच नव्हता. एक-दोन-तीन मोजून नाच शिकवतात हेच त्याला नवं. तो तोंडानं बोल म्हणायचा, ट्रंपेट आणि ड्रमचे आवाज काढत स्टेप सांगायचा. मोजायला तो या पोरांकडून शिकला आणि ही पोरं त्याच्याकडून बोलावर नाचायला शिकली. मग हे चक्र थांबलंच नाही. १९८९ मध्ये ब्रॉडवेच्या ‘ब्लॅक अँड ब्लू’साठी त्याला कोरिओग्राफीचं टोनी अवॉर्ड मिळालं, तीन जणांसोबत विभागून. स्पाइक लीच्या ‘माल्कम एक्स’ सिनेमात नाचाच्या प्रसंगासाठी तो होता. २००० साली अमेरिकन सरकारची नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली. स्वीडनमधल्या हेरँग नावाच्या चिमुकल्या गावात दर उन्हाळ्यात डान्स कॅम्प भरतो, तिथं तो वर्षानुवर्षं जात राहिला. ऐंशीच्या पुढचा माणूस वर्षातला कितीतरी काळ विमानातच असायचा.

आणि क्लासात शिकवायचा काय? एअर स्टेपचा हा बाप पहिल्या क्लासात उड्या शिकवायचा नाही. आधी पार्टनरसमोर वाका म्हणायचा. नमस्कार करा. ही समोरची व्यक्ती राणी आहे असं समजून हात पुढे करा. पोरं हसायची. तो हसत हसत पुन्हा करून दाखवायचा. मग सांगायचा, की तिच्याकडे बघा, पायांकडे नको. गाणं तीन मिनिटांचं आहे, तेवढी तीन मिनिटं या माणसावर प्रेम करा, गाणं संपलं की आभार माना आणि दुसऱ्याला विचारा. पार्टनर कच्चा असेल तर स्टेप सोप्या करा, तो पक्का असल्यासारखा दिसला पाहिजे. पार्टनर चुकला तर तीच चूक आपणही करा, मग ती नवीन स्टेप होते. फ्रँकीबरोबर नाचलेल्या नवशिक्या मुली एकच गोष्ट सांगतात, की त्या तीन मिनिटांत आपल्याला नाचता येतं असं वाटायचं.

एक नाच तो सगळ्यांना एकत्र करायला लावायचा, शिम शॅम. ओळीत उभं राहून, ठरलेल्या स्टेप. अर्धा झाला की तो मधेच ओरडून जोड्या करायला सांगायचा आणि ओळी मोडून जो समोर सापडेल त्याचा हात धरून सगळे नाचायला लागायचे. मग थांबा म्हटलं की पुतळे. मग अगदी संथ. मग पुन्हा सुसाट. आजही लिंडी हॉपच्या बहुतेक कार्यक्रमांत रात्री कधीतरी हा शिम शॅम लागतोच.

वाढदिवसाची त्याची पद्धत भन्नाट होती. जितकी वर्षं तितक्या पार्टनर. ऐंशीव्या वाढदिवसाला ऐंशी जणींबरोबर नाचला. ८५ व्या वर्षी ८५. रांग लागायची, प्रत्येकीच्या वाट्याला थोडेच ठोके यायचे, पण तेवढ्यात तो प्रत्येकीकडे बघायचा.

२००२ साली आपल्या ८८ व्या वाढदिवशी तो नॉर्मा मिलरबरोबर लेनॉक्स अॅव्हेन्यूवर गेला. नॉर्माही ‘हेल्झापॉपिन’वालीच. सॅव्हॉय जिथं होतं तिथं आठवण म्हणून एक पाटी बसवली, तिचं अनावरण या दोघांनी केलं. मागे राहायच्या इमारती, खिडक्यांत वाळत घातलेले कपडे असावेत तशी साधी वस्ती. नाचाची जमीन कुठेच नाही.

२००९ च्या मे महिन्यात त्याला ९५ वर्षं पूर्ण होणार होती. न्यूयॉर्कमध्ये मोठा सोहळा ठरला होता, जगभरातल्या नाचणाऱ्यांनी विमानाची तिकिटं काढून ठेवली होती. २७ एप्रिलला, म्हणजे एक महिना आधी, फ्रँकी गेला. सोहळा रद्द झाला नाही. ठरल्या तारखांना सगळे आले. शिम शॅम लागला, अर्ध्यावर जोड्या झाल्या.